गाडी कधी सुरू होते, कधी होत नाही : दोष हजर असतानाच मोजा

रोज बंद पडणारी गाडी दुरुस्त करणं तसं सोपं असतं. डोकं खाते ती आठवड्यातून एखाद्या दिवशीच अडून बसणारी. पेट्रोल पंपावर अर्धा तास काही केल्या सुरू होत नाही, मेकॅनिक पोचेपर्यंत आपोआप सुरू होते आणि गॅरेजात दोन दिवस उभी राहिली तरी एकदाही दगा देत नाही. मग अंदाजाने आधी बॅटरी बदलली जाते, नंतर सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर), नंतर टाकीतला पेट्रोलचा पंप. खर्च होत राहतो आणि मूळ दोष तसाच राहतो, कारण गाडी चांगली चालत असताना घेतलेलं प्रत्येक माप चांगलंच येणार. गाडी सुरू होत नाही त्या पाच-दहा मिनिटांत जे मोजलं, तेवढ्यालाच अर्थ आहे. त्या वेळी गाडीपाशी तुम्हीच असता, म्हणून तयारी तुमच्याकडे हवी.

इथली मापं आणि क्रम फ्युएल इंजेक्शनवाल्या साध्या पेट्रोल गाडीचे आहेत. पुश बटण, ऑटोमॅटिक, सीएनजी आणि डिझेल यांत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या केबलना अजिबात हात लावू नका.

डिकीत काय ठेवायचं

एक साधा डिजिटल मल्टीमीटर, बल्बवाला १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, १० नंबरचा पाना, थोडा पॉलिश पेपर, जंपर केबलची जोडी आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली दोन मीटर वायर. टेस्ट लॅम्प बल्बचाच घ्या, एलईडीचा नको. वायर आतून कुजून तिची एकच तार शिल्लक असली तरी एलईडी लख्ख पेटतो, आणि आपण समजतो सप्लाय ठीक आहे. बल्बला करंट लागतो, म्हणून तो अशा वायरवर मिणमिणतो आणि खरं काय ते दाखवतो. दुसरी चावीही सोबत असू द्या. जमल्यास फोनला ब्लूटूथने जोडता येणारा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं उपकरण, घ्या. त्याचा उपयोग दोषाचे कोड वाचण्यापेक्षा चालू आकडे पाहायला जास्त होतो.

आणि नोंद ठेवा. दोष आला की वेळ, इंजिन गार की गरम, बंद करून किती वेळ झाला होता, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, आवाज कसा आला, डॅशबोर्डवर कोणते दिवे होते, आणि शेवटी गाडी कशाने सुरू झाली, एवढं लिहा. चार-पाच नोंदींत बहुतेक वेळा तऱ्हा दिसायला लागते: फक्त गरम असताना, फक्त पहाटे, फक्त पावसात, फक्त टाकी रिकामी असताना.

अडली की पहिल्या मिनिटात

चावी पुन्हा पुन्हा फिरवत बसू नका. तशी फिरवता फिरवता गाडी सुरू झाली की पुरावा गेला. गियर न्यूट्रल, हँडब्रेक वर, हेडलाइट लावा आणि लाइटकडे बघत एकदाच सेल्फ मारा. रात्री समोरच्या भिंतीवर प्रकाश पडत असेल तर उत्तम.

लाइट जवळजवळ विझला आणि टकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच दमदार ‘टक’ आली, लाइट फारसा मंद झाला नाही आणि इंजिन हललं नाही, तर सेल्फच्या सोलेनॉइडचे (बॅटरीचा करंट सेल्फच्या मोटरला जोडणाऱ्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट करंट पुढे पाठवत नाहीत. त्याच ‘टक’बरोबर लाइट खूपच मंद झाला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ आत अडकला आहे. लाइट जसाच्या तसा आणि आवाजच नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच पोचत नाही. आणि सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरी, टर्मिनल, सेल्फ हे सगळं सोडून द्या आणि थेट इंधन-ठिणगीकडे वळा. हा फाटा पहिल्याच मिनिटात ठरला पाहिजे. पुढचा अर्धा खर्च इथेच वाचतो.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा, नाहीतर चांगला सेल्फही तापून जातो.

बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त आले तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी नुकतीच चालवली असेल तर आकडा फसवा चढलेला असतो. दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून, थोडं थांबून मोजा. सेल्फ फिरत असताना आकडा ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवा. नव्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो, तिथे हा आकडा थोडा वरखाली होतो, त्याने घाबरू नका.

अधूनमधून दगा देणाऱ्या बॅटरीचा एक खास प्रकार आहे. आतल्या सेलना जोडणारी पट्टी तडकलेली असते. उभ्या गाडीत १२.५ दिसतात, सेल्फ मारताच आकडा ३-४ वर कोसळतो, आणि चावी सोडली की पुन्हा १२.४. भार न लावता ही बॅटरी कुठल्याही मीटरला चांगलीच दिसते. दोष हजर असताना एकदा सेल्फ मारून मोजलं की लगेच उघडी पडते.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहणारी तपासणी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, म्हणजे मधल्या गोल भागावर, आणि दुसरं त्याच खुंटीला आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवा. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. मीटर शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. ०.१ पेक्षा जास्त दिसलं तर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यात थर बसलाय, वरून कितीही चकचकीत दिसो. हेच माप पुढे नेता येतं. बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत, सेल्फ फिरत असताना, ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. मायनस खुंटीपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त नको. मीटरची वायर पोचत नसेल तर क्लिपवाली वायर इथे कामी येते. हात, ओढणी, केबल फॅन आणि बेल्टपासून लांब ठेवा.

इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बहुतेकांच्या नजरेतच येत नाही. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत ती बोल्टखाली आतून गंजते. वरून विणकाम शाबूत दिसतं, पण करंट जात नाही. गाडी अडलेली असतानाच करायची एक झटपट परीक्षा: जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा, आणि सेल्फ मारा. आत्तापर्यंत मेलेली गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली तर दोष अर्थिंगचा आहे. पट्टीचे दोन्ही बोल्ट काढून, खालचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून चकाकी आणा आणि परत आवळा. पट्टी हिरवी-काळी पडली असेल तर बदलाच.

टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढा आणि सर्वात शेवटी लावा. मायनस जोडलेला असताना प्लसवर फिरणारा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पांढरा-निळा थर धुवा, पाणी सेलच्या झाकणांत जाऊ देऊ नका. खुंटी बाहेरून आणि क्लॅम्प आतून घासा, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. ढिला क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवायची सवय वाईट. खुंटीच्या मुळाशी सील फुटतं, तिथून ॲसिड झिरपतं आणि थर पुन्हा पुन्हा येत राहतो.

आवाजच नाही तेव्हा

चावीपासून सेल्फपर्यंतचा हुकूम इग्निशन स्विचमधून, काही गाड्यांत क्लचच्या स्विचमधून, ऑटोमॅटिकमध्ये पार्क-न्यूट्रल स्विचमधून, मग रिलेतून (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचमधून) आणि शेवटी सोलेनॉइडच्या बारीक वायरवर येतो. अर्धं काम इथे साध्या प्रयोगांनी होतं. क्लच तळापर्यंत दाबा, पायाखालची जाड मॅट अडत असेल तर सरकवा. ऑटोमॅटिक असेल तर पार्कऐवजी न्यूट्रलमध्ये प्रयत्न करा. तिथे सुरू झाली तर गियरचा स्विच सरकलाय किंवा झिजलाय.

पुश बटणाच्या गाडीत ब्रेक लाइट बघा. ब्रेक दाबल्याची खबर संगणकाला ब्रेकच्या स्विचमधून मिळते. स्विच कधी लागतो, कधी लागत नाही, असं झालं की बटण दाबूनही इंजिन फिरत नाही, फक्त डॅशबोर्ड उजळतो. मागच्या भिंतीवर लाल प्रकाश पडतो का पाहा. हा छोटासा स्विच आहे, आणि तो सोडून लोक बॅटऱ्या बदलत बसतात. रिमोटचा सेलही पाहा. तो बहुधा सीआर२०३२ असतो आणि नवा असताना ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. सेल उतरला असेल तरी रिमोट बटणाला टेकवून दाबल्यावर बऱ्याच गाड्या सुरू होतात.

फ्यूज बॉक्समध्ये स्टार्टरच्या रिलेवर बोट ठेवा आणि सेल्फ मारायला सांगा. रिलेचा बारीक ‘टिक’ बोटाला कळतो. टिक आला पण सेल्फ गप्प असेल, तर अंगावरचा नंबर आणि पायांची रचना हुबेहूब असलेला दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, त्या जागी लावून पाहा. टिकच नसेल तर दोष त्याच्या आधी आहे: स्विच, फ्यूज किंवा वायर. चावी फिरवून किंचित हलवल्यावर गाडी घेत असेल तर इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेत. चावीला लटकवलेला जड जुडगा हे त्याचं एक नेहमीचं कारण.

निकाल लावणारी परीक्षा मात्र सेल्फजवळ होते. सोलेनॉइडच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प लावा आणि चावी फिरवायला सांगा. लॅम्प लख्ख आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ खराब. लॅम्प मंद किंवा बंद, तर सेल्फ निर्दोष आहे, उलट मागे जात राहा.

झिजलेल्या सेल्फचं वागणं ओळखू येतं. गाडी तासभर चालवून दहा-पंधरा मिनिटं थांबली की ‘टक’ होऊन थांबतो, गार झाला की फिरतो. इंजिनच्या उष्णतेने कॉइलचा रोध वाढतो, ओढ कमी पडते आणि खड्डे पडलेले तांब्याचे कॉन्टॅक्ट नीट टेकत नाहीत. चावी धरून ठेवलेली असताना सेल्फच्या अंगावर लाकडी मुठीने हलके ठोके दिल्यावर फिरला, तर कॉन्टॅक्ट किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, झिजत जाणारे तुकडे) संपलेत. हा उपाय घरी पोचण्यापुरताच. पूर्ण सेल्फ घेण्याआधी सोलेनॉइड, कार्बन आणि बुश बदलून मिळतात का विचारा. बुश, म्हणजे आतल्या दांड्याला आधार देणाऱ्या कड्या, विसरू नका. ते झिजले की आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) खाली बसून घासतं, सेल्फ दुप्पट करंट ओढतो आणि नवी बॅटरीही त्याला अपुरी वाटते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

इथे चार संशयित: इमोबिलायझर (चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा), क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे संगणकाला कळवणारा), पेट्रोल, ठिणगी. हत्यार न उचलता तीन गोष्टी पाहा, ऐका.

डॅशबोर्डवरचा चावीचा किंवा कुलपाचा दिवा. चावी ऑन केल्यावर तो नेहमी कसा वागतो ते गाडी ठीक असताना बघून ठेवा. अडलेल्या वेळी तो भराभर लुकलुकत असेल किंवा विझत नसेल तर चावीतली चिप वाचली जात नाही. दुसऱ्या चावीने प्रयत्न करा, आणि जुडग्यातल्या दुसऱ्या चिपवाल्या चाव्या बाजूला करा.

मग टाकीतला पंप. एसीचा पंखा, रेडिओ बंद करा, काच खाली घ्या, चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागून साधारण दोन सेकंद गूं असा आवाज यायला हवा.

तिसरं, सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा. बऱ्याच गाड्यांत तो जरासा उठतो. ओबीडी ॲपवर तर सेल्फच्या वेळी २०० च्या आसपास आकडा दिसतो. सेल्फ जोरात फिरतोय आणि आकडा ठार शून्य, म्हणजे क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर. संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, त्यामुळे ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही.

क्रँक सेन्सर हा अधूनमधून अडणाऱ्या गाडीचा फार जुना गुन्हेगार. हायवेवर लांबचा पल्ला मारून गाडी चहाला थांबते, पुन्हा सुरू होत नाही, आणि पाऊण तासाने काहीच झालं नाही अशी चालू होते. आतली बारीक तार तापून तुटते आणि गार झाली की पुन्हा जुळते. सेन्सर हाताला लागण्यासारख्या जागी असेल तर ओलं फडकं त्यावर एक-दोन मिनिटं धरा. सायलेन्सरच्या पाइपाला हात भाजणार नाही हे सांभाळा. लगेच सुरू झाली तर चोर सापडला. दोन वायरींचा सेन्सर असेल तर गार आणि गरम दोन्ही वेळी ओहममध्ये मोजा. शेकड्यांत किंवा हजाराच्या आसपास असलेला आकडा गरम झाल्यावर एकदम अनंत झाला, तर बदला. तीन वायरींचा हॉल सेन्सर ओहममध्ये तपासता येत नाही, त्याला आरपीएमचाच आकडा पाहावा लागतो. पी०३३५ हा कोड मिळाला तर बरंच, पण कोड नाही म्हणून सेन्सर चांगला असं धरू नका. किती फेऱ्या सिग्नल हरवला की कोड लिहायचा हे प्रत्येक संगणकाचं वेगळं असतं, आणि दोन-चार सेकंदांच्या सेल्फमध्ये तेवढं होतंच असं नाही. नवा सेन्सर लावण्याआधी कनेक्टर उघडा: आत तेल, हिरवा गंज, सैल पिन.

पंपाचा आवाज नसेल तर एकाने चावी ऑन करावी आणि त्याच वेळी दुसऱ्याने टाकीच्या बुडाला मुठीने किंवा रबरी हातोडीने ठोकावं. पंप जागा झाला तर त्याच्या मोटरचे कार्बन संपलेत. आज सुरू झाली तरी तो बदलायचाच आहे. ठोकून काही झालं नाही, तर मागच्या सीटखालच्या कनेक्टरवर चावी ऑन केल्याच्या पहिल्या दोन सेकंदांत टेस्ट लॅम्प पाहा. लॅम्प पेटतो, पंप गप्प: आधी पंपाचं अर्थिंग पाहा, मग पंप. लॅम्पच नाही: रिले, फ्यूज, वायर.

पंप वाजतो पण सेल्फ बराच वेळ मारावा लागतो? चावी ऑन करून दोन सेकंद थांबा, ऑफ करा, असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. या युक्तीने पटकन घेतली तर उभ्या गाडीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय. पंपाचा वाल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांतलं एक. मोजायचं तर बहुतेक साध्या पेट्रोल गाड्यांत लाइनला ३ ते ४ बार हवे, आणि इंजिन बंद केल्यावर ते काही मिनिटांत शून्यावर येता कामा नये. हे काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या, गरम इंजिनवर प्रेशरची पेट्रोल लाइन स्वतः उघडू नका.

सीएनजीवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. बऱ्याच सीक्वेन्शियल किटच्या गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि थोड्या वेळाने गॅसवर जातात. पेट्रोल फारसं लागत नाही म्हणून टाकीचा काटा महिनोन् महिने तळाला असतो. पण टाकीतल्या पंपाला थंड ठेवायचं आणि वंगण पुरवायचं काम त्या पेट्रोलचंच. रिझर्व्हवर चालवलेल्या गाडीत पंप लवकर मरतो, आणि मालक सांगतो की गॅसवर तर झकास पळते, फक्त सकाळी सुरू होत नाही. पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टाटाच्या आयसीएनजी गाड्या थेट गॅसवरही सुरू होतात, तिथे एकदा पेट्रोलवर टाकून फरक पडतो का ते बघा. गॅसचा कोणताही जोड स्वतः सोडू नका.

सगळं ठीक असून पेट्रोलचा वास येत असेल तर प्लग ओले झालेत. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ५ ते ८ सेकंद सेल्फ मारा. या स्थितीत बहुतेक संगणक पेट्रोल तोडतात आणि फक्त हवा आत जाते. ठिणगी तपासायला प्लगच्या वाटेत मध्ये लावायचा इनलाइन टेस्टर वापरा. प्लगची वायर किंवा कॉइल हातात धरून ठिणगी बघायचा प्रकार करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय का आणि कॉइलच्या रबराला तडे गेलेत का, हे पाहणं पुरतं. गाडी फक्त गरम किंवा फक्त गार असताना त्रास देत असेल तर ओबीडीवर कूलंटचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेइतकंच हवं. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटली आहे.

दोष येतच नसेल तर त्याला बोलवा

इंजिन चालू ठेवून वायरिंगचे जुडगे एकेक करून हळूच हलवा, वाकवा. कुठे इंजिन अडखळलं तर हात तिथेच थांबवा. उष्णतेचा संशय असेल तर हेअर ड्रायरने सेन्सर किंवा रिले तापवा, ओलाव्याचा असेल तर बाटलीने पाण्याचे फवारे मारा. पावसाळ्यात उंदीर उबेला बोनेटखाली येतात. कुरतडलेली वायर टेपखाली लपलेली असते, आणि लेंड्या दिसल्या तर तिथली वायर बोटांनी चाचपून पाहा.

सकाळीच अडणारी गाडी असेल आणि बॅटरी नवी असेल तर रात्रीची गळती मोजा. मायनसची केबल काढून मीटर १० अँपिअरवर ठेवून खुंटी आणि ती केबल यांच्या मध्ये जोडा, दार उघडं ठेवून त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला आणि अर्धा तास थांबा, कारण सगळे संगणक झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज उडेल. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याच्या खाली. मग एकेक फ्यूज काढून आकडा कुठे पडतो पाहा. नंतर बसवलेला डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम आणि ट्रॅकर यांच्यापासून सुरुवात करा.

डिझेलमध्ये ठिणगी नसते, बाकी सेल्फपर्यंतचं सगळं तेच. फक्त पहाटे त्रास असेल तर ग्लो प्लग (गार इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारे) आणि त्यांचा रिले पाहा. रात्रभर उभी राहिल्यावर खूप वेळ सेल्फ लागत असेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय का ते शोधा, फिल्टरचे जोड आधी. हाताने दाबायचा प्रायमर असेल आणि तो मारल्यावर लगेच घेत असेल, तर संशय पक्का.

गॅरेजात जाताना ‘कधीकधी सुरू होत नाही’ एवढंच सांगू नका. ‘इंजिन गरम, बंद करून १५ मिनिटं, सेल्फ नेहमीसारखा, आरपीएम शून्य, पंपाचा आवाज येतो, ओल्या फडक्याने लगेच सुरू झाली’ असं कागदावर लिहून द्या आणि बदललेला जुना भाग परत मागा. गाडी ताब्यात घेण्याआधी जे माप चुकत होतं तेच तुमच्यासमोर पुन्हा घ्यायला सांगा. दोष गरम असतानाचा असेल तर गाडी तेवढीच पळवून, तेवढाच वेळ उभी करून सेल्फ मारा, आणि मगच पैसे द्या.